आडव्या फांद्या

१९ एप्रिल

ट्विला,

तुझं खोकं इथल्या पोस्टात येऊन पडलं आहे. मला कोणी सांगितलं नाही, मीच पाहिलं. मार्व्हाच्या खिडकीमागे कोंबड्यांच्या खाद्याच्या गोणीला टेकवून ठेवलं होतं आणि त्यावर तुझं ते डावऱ्या हाताचं, मागे रेललेलं अक्षर. 'पायी येणाऱ्या प्रवाशासाठी. साधारण १४ मेपर्यंत ठेवावे.' सहा वर्षांत तुझं अक्षर पहिल्यांदा दिसलं, तेही खोक्यावर.

मी खोकं उचलून पाहिलं तर मार्व्हा ओरडली, "ठेव ते खाली, ऑर्व्हल. दुसऱ्याचं टपाल आहे."

"दुसऱ्याचं कसं? माझ्या मुलीचं आहे."

"मुलगी तुझी असेल. टपाल सरकारचं आहे."

ही बाई त्या खिडकीत बसून बसून स्वतःच सरकार झाली आहे. शाळेत माझ्यापुढच्या बाकावर बसायची, तेव्हा तिला सात आणि आठ मिळवता येत नव्हते. पण तिच्याकडून एवढं कळलं की तू एकटी, पायी, आठशे मैल चालत निघाली आहेस. उत्तरेच्या दगडी कमानींपासून निघून सगळ्या घळी उतरत-चढत दक्षिणेला. वाटेतल्या पोस्टांत आधीच खोकी पाठवून ठेवायची आणि एकेक उचलत यायचं, अशी या लोकांची पद्धत आहे म्हणे. पुढची दोन पोस्टंही तिनंच सांगितली: आधी ड्राय फोर्क, मग हॉब्सनचं दुकान, आणि त्यानंतर आपलं गाव. हे पत्र ड्राय फोर्कला पाठवतो आहे.

आठशे मैल! गाय हरवली म्हणून नाही, पाणी शोधायला नाही, कोणी मागे लागलं म्हणून नाही. नुसतं चालायचं. माझ्या वडिलांना कोणी असं सांगितलं असतं तर त्यांनी त्या माणसाला सावलीत बसवून डोक्यावर ओलं फडकं ठेवलं असतं. आणि तू शेहेचाळीस वर्षांची आहेस. मी आठवीत शाळा सोडली, मला यातलं काही कळत नाही असं तू म्हणशील. पण वाळवंटात माणूस कसा मरतो ते आठवीपर्यंत शिकलेल्यालाही कळतं.

खोकं फार हलकं आहे. यात तू काय खाणार?

पाणी दिसेल तिथे पी, पुढे मिळेल म्हणून थांबू नकोस. मी काळजी करत नाही. फक्त सांगतो आहे.

ऑर्व्हल


२८ एप्रिल

ट्विला,

तुझं उत्तर नाही. येईल असं मी समजलोही नव्हतो. पोस्टात रोज जातो ते माझ्या कामासाठी. मला काय काम असतं ते विचारू नकोस.

तुझ्या जातीचे लोक आता यायला लागले आहेत. मार्व्हाच्या ओसरीवर बसून आपापली खोकी फोडतात. काल एकानं माझ्यासमोर दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीनं कापून टाकली. कशाला, तर वजन कमी व्हावं म्हणून! त्याचं पोट पाहिलं मी. कापायचं होतं तर तिथे पुष्कळ होतं. वाचून झालेलं पुस्तकाचं पान फाडून चुलीत घालतात, कारण कागदाला वजन असतं. चमचा पिसासारखा, भांडं पिसासारखं, आणि डोकी त्याहून हलकी. आणि नावं! आईबापांनी दिलेलं नाव घरी ठेवून येतात. एक जण 'रविवार', दुसरा 'शिंक'. माझी कुत्री यापेक्षा बऱ्या नावांची होती.

त्यांच्यात एक वेणीवाली बाई होती. ती मार्व्हाला सांगत होती, "माझ्यामागे दोन आठवड्यांच्या अंतरावर एक जण आहे. एकटीच चालते, कोणाशी बोलत नाही. डावरी. बिनडाग म्हणतात तिला."

"हे कोणी ठेवलं नाव?" मी विचारलं.

"तिनंच, काका. वाटेवरच्या नोंदवहीत तीच तसं लिहिते."

बिनडाग. डाग न दिलेली, मालक नसलेली, मोकाट गाय. सापडेल त्याची. ट्विला, हा शब्द तू शहरात शिकली नाहीस. हा आपल्या गोठ्यातला शब्द आहे आणि तू तो मला लागावा म्हणूनच निवडलास. लागला, असं समजू नकोस.

मी तुला एक गोष्ट सांगणार होतो. गेल्या ऑक्टोबरात मी लंगड्या गायीच्या घळीत गेलो होतो. तू आता तिथूनच येणार. डावीकडच्या तिसऱ्या वळणावर ती चीर आहे, आजोबांनी सुतकीच्या घावांनी पायऱ्या फोडलेली, तुला माहीतच आहे. तिथपासून वरच्या कड्यापर्यंत या लोकांनी दगडावर दगड रचून नऊ लगोऱ्या केल्या होत्या. नऊ! मोठ्या माणसांनी! ज्या पायऱ्यांवरून आम्ही गाई चढवल्या त्या दाखवायला पोरखेळ लागतो यांना. मी एकेक लाथेनं उडवली. गुडघा आठ दिवस दुखत होता, पण बरं वाटलं.

मग चिरीच्या तोंडावर जुनिपरच्या फांद्या ओढून कुंपण नीट केलं, तुझे आजोबा करायचे तसं. बुंधे कड्याकडे, शेंडे बाहेर, आणि टोकाला तारेचा फास.

आता घळीत गाई नाहीत हे मला माहीत आहे. तू सांगायची गरज नाही.

ऑर्व्हल


८ मे, सकाळ

ट्विला,

हे पत्र हॉब्सनच्या दुकानी पाठवतो आहे, जलद टपालानं. मिळाल्या मिळाल्या वाच, जाळू नकोस.

आज पोस्टाच्या ओसरीवर एक जण बसला होता. पंचावन्न-छप्पनचा. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, आणि मार्व्हा त्याला चमच्या-चमच्यानं साखरपाणी देत होती.

"नाव काय?" मी विचारलं.

"पॅनकेक."

"आईनं ठेवलं?"

"वाटेवरचं नाव आहे, काका. घरी मी दातांचा डॉक्टर आहे."

अशाच्या हातात लोक आपलं तोंड देतात. मी विचारलं, कुठून आलास, तर म्हणाला, "लंगड्या गायीच्या घळीतून. मरता मरता वाचलो."

"मरायला काय झालं तिथे? वर यायला वाट आहे की. डावीकडे तिसरं वळण. पायऱ्या आहेत."

"आधीचे लोक वाट पाहिलेल्यांबरोबर आले, मी एकटा. माझ्या कागदावर लिहिलंय ना, लगोऱ्या दिसतील तिथून वर चढा. लगोऱ्या नव्हत्याच! एक चीर दिसली, पण तिच्या तोंडावर फांद्या आडव्या टाकलेल्या."

"मग?"

"मग काय? पुढे गेलो. फांदी आडवी म्हणजे इकडून जाऊ नका."

"असं कोण म्हणतं?"

"सगळेच. कुठल्याही डोंगरात जा. एखादा वाट चुकून परत आला की मागच्यांनी चुकू नये म्हणून तो फांदी आडवी टाकून ठेवतो. लहान पोरालाही कळतं हे, काका."

मला संताप आला. मी म्हटलं, "अहो शहाणे, फांद्या आडव्या कशाला टाकतात? गाई वर चढू नयेत म्हणून. गाई वर कुठून चढतील? जिथे वाट असेल तिथूनच ना! फांद्या दिसल्या की समजायचं, वाट इथेच आहे. बाजूला करायच्या, पलीकडे जायचं, पुन्हा लावून टाकायच्या. फाटक आहे ते!"

त्यानं तोंडातला घोट गिळला. मग म्हणाला, "पण काका, गाई कुठे आहेत?"

मी विचारलं, किती पुढे गेलास.

तो अकरा मैल पुढे गेला होता. तिथे घळ दोनशे फूट खाली तुटते, ते तुला ठाऊक आहे. मधे थेंबभर पाणी नाही. शेवटचा झिरा चिरीच्या वरच्या अंगाला, मागे राहिलेला. तिथून तो उलटा फिरला. दोन दिवस ओल्या वाळूला जीभ लावत आला. परत त्या चिरीशी पोचला तेव्हा उभं राहवत नव्हतं. म्हणाला, "मरायचंच आहे तर सावलीत मरू, म्हणून फांद्यांवरून आत पडलो. पडलो तो पायरीवरच."

मग म्हणाला, "कोणा हलकटानं लगोऱ्या मुद्दाम पाडल्या असणार. सापडला ना, तर भूल न देता त्याचे सगळे दात काढतो."

मार्व्हा तिकिटं मोजत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वाऱ्यानं पडल्या असतील."

तर आता नीट ऐक. लंगड्या गायीची घळ. डावीकडचं तिसरं वळण. लगोऱ्या नाहीत. फांद्या आडव्या आहेत. फांद्या म्हणजे वाट. फांद्या म्हणजे वाट, ट्विला. पुढे जाऊ नकोस.

तू लहानपणी तिथून बारा-तेरा वेळा तरी वर आली आहेस. पण त्याला तीस वर्षं झाली, आणि तेव्हा तू घोड्यावर असायचीस, पुढे आजोबा असायचे. आता तू या लोकांत राहतेस, यांचंच खातेस, यांच्यासारखंच नाव घेतलं आहेस. फांदी आडवी दिसली की तू काय समजशील, ते मला सांगता येत नाही. हेच मला खातं आहे.

तुझा बाप


९ मे

ट्विला,

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही. लिहितो आहे, कारण गाडीच्या टाकीत पेट्रोल भरून ठेवलं आहे, पण आज निघता येत नाही. क्लच गेला आहे. गॅरेजवाला उद्या सकाळी देतो म्हणतो. त्याच्या बापानंही मला कधी वेळेवर गाडी दिली नाही.

सकाळी मार्व्हाच्या फोनवरून हॉब्सनच्या दुकानात फोन केला. काउंटरवर एक पोरगी होती, तोंडात काहीतरी चघळत बोलत होती.

"डावरी बाई ना? परवा दुपारी आली. खोकं घेतलं, डब्यातले पीच खाल्ले, गेली."

"तिला पत्र दिलंस का?"

"तेव्हा पत्र नव्हतं, काका. आजच्या गाडीनं एक आलंय तिच्या नावाचं. परत पाठवू?"

ते अठ्ठावीस एप्रिलचं पत्र. कालचं जलद टपालाचं अजून शहरातही पोचलं नसेल. आता खरं सांगतो. अठ्ठावीस तारखेला लिहिलेलं पत्र मी आठवडाभर खिशात घेऊन हिंडत होतो. लाथा मारल्याचं लिहिलं होतं ना त्यात. लिहिताना फार ऐट वाटली होती. पेटीत टाकायच्या वेळी वाटलं, हे वाचून ती हसेल. वेळेवर टाकलं असतं तर दुकानात तुझ्या हाती पडलं असतं.

मग पोलिसांना फोन केला. तिथे एक तरुण पोरगा असतो, माझ्याशी फार गोड बोलतो, म्हाताऱ्यांशी बोलतात तसं.

"त्या हरवल्या आहेत का, ऑर्व्हल काका?"

"अजून नाही."

"मग हरवल्यावर फोन करा."

दुकानातून घळीच्या तोंडापर्यंत दोन दिवस. म्हणजे आज तू घळीत उतरलीस. तिथून चिरीपर्यंत दोन दिवस, तू चालतेस म्हणतात तशी चालत असशील तर त्याहूनही कमी. या लोकांना सगळं हलकं लागतं, पाणीसुद्धा हलकंच घेतात. झिऱ्यावर बाटल्या पुऱ्या भरल्यास का? की वर चढलं की गावच आहे म्हणून एकच भरलीस?

मी खोलीत फेऱ्या मारतो आहे. घर झाडून काढलं. तुझी आई असती तर म्हणाली असती, "ऑर्व्हल, बस जरा. तुझ्या चालण्यानं जमीन झिजते." ती गेल्यापासून कोणी बस म्हणत नाही.

तू आणि मी त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. तू बोललीस, मी गोठ्यात निघून गेलो. आता गोठ्यात जायलाही काही नाही, म्हणून सांगतो. तू आईजवळ दवाखान्यात नऊ दिवस बसली होतीस. सातव्या दिवशी मी ट्रक बोलावले आणि सगळा कळप विकला. कुरणाचा परवानाही देऊन टाकला. तुला विचारलं नाही. तू तो कळप सांभाळणार आहेस हे मला माहीत होतं, तुझ्या आईला तू तसं म्हणाली होतीस आणि तिनं ते मला सांगितलं होतं. लोकांना मी सांगितलं, बाईमाणसाला झेपणारं काम नाही. झेपत नव्हतं ते मला. तू मात्र नीट केलं असतंस, आणि मी अंगणात खुर्ची टाकून ते बघत बसलो असतो. हे मला सोसलं नसतं.

तू रिकाम्या गोठ्यात उभी राहून म्हणालीस, "मलाही चढवायचं होतंत ना ट्रकात." मी म्हटलं, "आवाज खाली ठेव, लोक आलेत." तुझ्या आईच्या मातीला आलेले लोक. ते काय म्हणतील याची मला काळजी! त्यातले निम्मे मेले. उरलेल्या निम्म्यांना मी त्या दिवशी काय खाल्लं होतं हेही आठवत नसेल.

आणि तरी दर ऑक्टोबरात मी त्या घळीत जाऊन फांद्या लावत आलो. सहा वर्षं. नसलेल्या गाई वर चढू नयेत म्हणून.

उद्या निघतो.


१२ मे

ट्विला,

हे पत्र मी तुझ्या खोक्यावर ठेवणार आहे. मार्व्हा म्हणते, तिकीट लावल्याशिवाय ठेवता येणार नाही. लावलं आहे.

गाडी दहा तारखेला दुपारी मिळाली. कड्यावरचा रस्ता गेल्या पुरात सहा मैल अलीकडेच वाहून गेला आहे, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. कोणी बोर्ड लावला नव्हता. रात्री गाडीतच झोपलो आणि उजाडल्यावर पायी निघालो. तुझ्या आईची बाजाराची कापडी पिशवी पाठीला दोरीनं बांधली. आत दुधाच्या दोन बरण्यांतून पाणी, सुकं मांस, आणि तार कापायची कात्री. हातात फावड्याचा दांडा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी तुझ्या त्या लोकांसारखा पाठीवर ओझं घेऊन वाळवंटात चाललो होतो. तिथे बघायला कोणी नव्हतं ही देवाची कृपा.

तुला माहीत आहे, तो सगळा उघडा खडक आहे. पाऊल उमटत नाही. मी आयुष्यभर तिथून घोड्यावर गेलो आणि आता कळलं की वाट घोड्याला ठाऊक होती, मला नाही. एका सुळक्याला वळसा घातला आणि मागे पाहिलं, तर आलो कुठून ते कळेना. सगळीकडे तोच लाल खडक. मग मी काय केलं ते सांगतो. तीन दगड घेतले आणि एकावर एक ठेवले. पुढे गेलो, पुन्हा ठेवले. एकूण सतरा. कोणाला सांगू नकोस. पॅनकेकला तर मुळीच नाही.

दुपारी चिरीच्या माथ्यावर पोचलो. वाळूत पावलं होती, आणि पावलांशेजारी काठ्यांच्या टोकांची भोकं. चिरीतून वर आलेली. त्यांच्यावरून अजून भुंग्याची रेघही गेली नव्हती, म्हणजे त्याच सकाळची. मला वाटलं, ही दुसऱ्या कोणाचीही असतील. मी कुठल्याही गोष्टीवर लगेच विश्वास ठेवत नाही, हे तुझ्या आईनं तुला सांगितलंच असेल. म्हणून बसून, घसरत, एकेक पायरी खाली उतरलो.

फांद्या जागच्या जागी होत्या. कोणी हात लावलेला दिसत नव्हता. मी वाकून तारेचा फास पाहिला. मी तार उजवीकडे पिळतो. माझे वडील उजवीकडे पिळायचे. तार डावीकडे पिळलेली होती. दोन वेढे, आणि टोक आत वळवलेलं, म्हणजे जनावराला लागणार नाही असं.

तुला हे सहाव्या वर्षी मीच शिकवलं होतं आणि हात उलटा चालतो म्हणून तेव्हा तुझ्यावर ओरडलो होतो.

मी तिथे खाली बसलो. पिशवी काढायची राहिली होती.

मग फांद्या उघडून बाहेर घळीत गेलो आणि तुझी पावलं वाचली. तू नीट सरळ आली नाहीस. तू चिरीसमोरून पुढे निघून गेली होतीस. मी मोजली. चाळीस पावलं. पुढे, उताराला, त्या कोरड्या अकरा मैलांकडे. तिथे तू थांबलीस, काठ्या एकाच जागी चार-पाच वेळा टोचल्यास. मग वळलीस आणि परत आलीस. परतीची पावलं लांब लांब आहेत. तिथे उभी राहून तुला काय आठवलं ते मला माहीत नाही. विचारणारही नाही. पण ती चाळीस पावलं मी रात्रभर गाडीत डोळे मिटून चालत होतो.

कुंपण उघडलंस, पलीकडे आलीस, आणि मागे वळून बंद केलंस. मैलोन् मैल एक गाय नाही. तूच म्हणतेस ना, कोणाचा डाग नाही? मग ते कोणासाठी बंद केलंस? नाही, हेही विचारणार नाही.

वर आल्यावर तू एक लगोरी रचून ठेवलीस, तीही पाहिली. पाच दगड. वाकडी आहे. मोठा दगड खाली ठेवायचा असतो, मधे नाही. मी पाडली आणि पुन्हा रचली. मग खाली चिरीच्या तोंडाशी दोन रचल्या, आणि पायऱ्यांच्या बाजूनं सहा. मोजून नऊ झाल्या. गुडघा गेला तो गेलाच.

मग मी फांद्या काढल्या. सगळ्या. घळीच्या पलीकडच्या अंगाला टाकल्या, तार गुंडाळून पिशवीत घातली. फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं, हे मी तुला शिकवलं आणि मला माझ्या बापानं. जन्मात पहिल्यांदा मी ते तसं ठेवलं नाही. तिथे गाई नाहीत, ट्विला. दातांचे डॉक्टर आहेत.

माथ्यावरून मी तुला हाक मारली. एकदा. नाही, तीन वेळा. तू उघड्या खडकावरून सरळ गावाकडे निघाली असणार, वाट माझ्यासारखी न चुकता. मी माझ्या सतरा दगडांच्या ढिगांवरून परत आलो. त्यातला एक सापडलाच नाही, तिथे तासभर गेला.

आज सकाळी गावात पोचलो. मार्व्हा म्हणाली, "आली नाही अजून. पण तू असा काय दिसतोस? कोणाशी मारामारी केलीस?" मी म्हटलं, "चालून आलो." ती म्हणाली, "कशाला?" मी तिकीट मागितलं.

पॅनकेक अजून ओसरीवरच आहे, पाय सुजले आहेत त्याचे. मी त्याला सांगितलं, लगोऱ्या मी पाडल्या होत्या. तो माझ्या तोंडाकडे वाकून बघायला लागला. मग म्हणाला, "काका, खालची डावी दाढ किडली आहे तुमची." एवढंच. या लोकांना धड भांडताही येत नाही.

तुझ्या खोक्याशेजारी पीचची बाटली ठेवली आहे. तुझ्या आईनं भरलेली, शेवटची. काचेची आहे, जड आहे, तुझ्या त्या पिसासारख्या पिशवीत मावायची नाही. म्हणून ती इथेच, गावात बसून खावी लागेल.

मी पोस्टात थांबणार नाही. मार्व्हासमोर मला काही बोलता येत नाही, तिचे कान आपल्याकडेच लागलेले असतात. मी घरी आहे. रस्ता तोच. चिंचोळ्या पुलापलीकडे घराचं फाटक आहे, ते मी आज उघडं ठेवलं आहे, दगड लावून.

तू नियम पाळणारी आहेस. जसं सापडेल तसं ठेव.

तुझा बाप